तीच काच पुन्हा

मी, खाली सही करणार, धंदा चष्मे तयार करण्याचा, वय सत्तरीच्या पुढे, राहणार माझ्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. कोणी मागे लागलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. गुडघे सोडले तर शरीर ठीक आहे आणि डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मात्र त्या डॉक्टरांबद्दल मला पुढे दोन शब्द लिहायचे आहेत, ते वाचूनच दाखल्याचे वजन ठरवावे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गरज वाटली नव्हती. आमच्या घरात जे काही सांगायचे असे ते माझी पत्नी सांगत असे, आणि ती माझ्याआधी जाईल असे मी धरून चाललो नव्हतो. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून घरात भांडण नाही, आवाज नाही, आणि कोणी कोणाशी धड बोलतही नाही. म्हणून जे आहे ते कागदावर घालतो. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मालमत्तेपुरतं लिहा. बाकीचं कायद्याला लागत नाही." मी म्हणालो, बाकीचे कायद्यासाठी नाहीच.

कलम १. माझी माणसे

मला दोन मुलगे. थोरला दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत आहे. नोकरी मागायला आलेल्यांच्या मुलाखती तो घेतो. ज्याला घ्यायचे नसते त्याला हे लोक "कळवतो" म्हणतात. त्याची आई त्याला विचारायची, "तुमच्या कंपनीत 'नाही' हा शब्द आणायला परवानगी लागते का रे?" धाकटा बोटीवर इंजिन सांभाळतो आणि वर्षातला बराच काळ पाण्यावर असतो. थोरली सून थोरल्याबरोबर राहते. धाकटी सून इथे, माझ्याजवळ राहते आणि दुकान चालवते.

याशिवाय कोणी वारस पुढे आल्यास तो खोटा समजावा.

कलम २. दुकान

दुकान आम्हा दोघांच्या नावावर होते, आता माझ्या एकट्याच्या नावावर आहे. पुढच्या खोलीत पत्नी नंबर काढायची. मागच्या खोलीत मी काचा कापून, घासून फ्रेममध्ये बसवायचो. मध्ये लाकडी फळीची भिंत होती, इतकी पातळ की पुढे कोणी उसासा टाकला तरी मागे कळे. मी निम्मा संसार त्या फळीआडून ऐकत केला.

तिची नंबर काढण्याची एक रीत होती. ती इथे लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसले की त्याच्या डोळ्यांवर ती तपासणीची जड फ्रेम चढवायची, एकेक काच घालायची आणि विचारायची, "आधीची बरी होती की ही बरी?" माणसे भिडेखातर काहीही सांगतात. समोरची बाई एवढी मेहनत घेते आहे, तर तिला बरे वाटावे म्हणून म्हणतात, "आता छान दिसतंय." मग चष्मा तयार होतो, डोके दुखू लागते, आणि दोष दुकानाचा ठरतो. म्हणून ती मध्येच एक काच काढायची, हात काचांच्या पेटीपर्यंत न्यायची, तीच काच पुन्हा घालायची आणि विचारायची, "आणि आता?"

जो म्हणे "हां, आता जास्त स्वच्छ," त्याची तपासणी ती पहिल्यापासून सुरू करायची. जो म्हणे "काही फरक नाही हो," त्याला ती म्हणायची, "शाबास. आता आपलं जमेल."

एकदा एक गृहस्थ चिडले. "बाई, तुम्ही मला फसवलंत!"

ती म्हणाली, "काच तीच होती आणि डोळेही तुमचेच होते. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही बोललात. मला बरंच वाटतंय हो, पण चष्मा मला नाही लावायचा."

आळीत तिला तोफ म्हणत. तिला ते माहीत होते आणि आवडतही होते. शाळेतले मास्तर एकदा नवी फ्रेम लावून आरशासमोर उभे राहिले आणि विचारू नये ते विचारून बसले, "कसा दिसतो?" ती म्हणाली, "मास्तर, दचकलेल्या घुबडासारखे." मास्तर रागाने तीच फ्रेम घेऊन गेले. थोड्याच दिवसांत परत आले. वर्गात कोणीतरी फळ्यावर घुबड काढून ठेवले होते. ती हसली नाही. म्हणाली, "बसा, दुसरी बघू." मी मात्र फळीमागे हसलो, आणि ते दोघांनाही ऐकू गेले. मास्तर त्यानंतर दुसऱ्या दुकानात गेले नाहीत. या मृत्युपत्रावर पहिली साक्ष त्यांची आहे.

पण कोणी समजू नये की ती येता-जाता लोकांना खरे ऐकवत सुटायची. तिचा नियम होता: विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारल्यावर फिरवायचं नाही. न विचारता सांगितलेले खरे म्हणजे चिखलाच्या चपलांनी दुसऱ्याच्या घरात शिरणे, असे ती म्हणे. हा नियम तिने एकदा मोडला होता. ते कलम ७ मध्ये येईल.

वरील दुकान, जागेसह, पुढच्या खोलीतल्या नंबर काढायच्या नव्या यंत्रासह, आरशासह आणि नावासह, माझ्या पश्चात धाकट्या सुनेचे एकटीचे होईल. धाकट्या मुलाचे होणार नाही. त्याला मी फोनवर विचारले. तो म्हणाला, "बाबा, मला काचेतलं काय कळतं? मी तेलातला माणूस." हे त्याचे उत्तर खरे आहे.

ती लग्न होऊन आली तेव्हा प्रत्येक गोष्टीला "हो आई" म्हणायची. पत्नीने पहिल्याच आठवड्यात तिला खुर्चीत बसवले आणि तीच काच दोनदा लावली. ही म्हणाली, "आता जरा जास्त चांगलं दिसतंय, आई."

"हे बघ," पत्नी म्हणाली, "मला खूश करायचं काम तू घेऊ नकोस. त्या कामाला मला नवरा आहे. तोही करत नाही, ती गोष्ट वेगळी."

नंतर ती काम शिकली. घाई करत नाही, गिऱ्हाइकाला पढवत नाही, आणि चष्म्याची गरज नसेल त्याला तसेच परत पाठवते. दुकान तिला याच कारणासाठी देतो. पुढे कलम ५ मध्ये जे लिहिले आहे त्याचे बक्षीस म्हणून नव्हे. ते झाले नसते तरी दुकान तिलाच गेले असते.

कलम ३. राहते घर

वरचा मजला दोन्ही मुलांना निम्मा-निम्मा. जिन्याची चौथी पायरी हलते, ती वाटणीआधी दुरुस्त करून घ्यावी. मागच्या बाजूची खोली थोरल्याची आहे, ती त्याचीच राहील आणि तिला कोणी कुलूप लावू नये. आई गेल्यापासून तो येतो तेव्हा दुकानातल्या बाकावर बसतो, माझी चौकशी करतो आणि तिथूनच परत जातो. वर चढत नाही. त्याची चाहूल लागली की धाकटी सून मागच्या खोलीत जाऊन फ्रेमचे स्क्रू आवळत बसते. आवळायला तेवढे स्क्रू दुकानात नाहीत.

कलम ४. बचत व वस्तू

बँकेतली बचत दोन्ही मुलांना सारखी. त्यात लिहिण्यासारखे काही नाही.

माझे काचा घासायचे जुने यंत्र मोडीत काढावे. कोणाला "बाबांची आठवण" म्हणून ठेवावेसे वाटले तर त्याने ते आधी एकट्याने उचलून दाखवावे.

माझी हत्यारे, म्हणजे पकडी, छोटे पेचकस आणि काडी वाकवायचा चिमटा, शेजारच्या शिंप्याला द्यावीत. त्याला त्यांचा उपयोग नाही, पण त्याने ती कित्येकदा मागून नेली आहेत आणि दर वेळी परत केली आहेत. आता परत करण्याची गरज नाही.

पत्नीच्या तपासणीच्या काचांची लाकडी पेटी कोणाला द्यायची ते मी अजून ठरवलेले नाही. नवे यंत्र आल्यापासून दुकानाला ती लागत नाही. त्यासाठी कलम ९ कोरे ठेवले आहे.

कलम ५. माझ्या पत्नीचा आजार

हे कलम मालमत्तेचे नाही. तरी ते सर्वांसमोर वाचावे.

तिच्या पोटातल्या आजाराचे निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला हॉस्पिटलच्या जिन्यापाशी बोलावून सांगितले. मी होतो, थोरला होता, धाकटी सून होती. डॉक्टर म्हणाले, बरे होण्यासारखे नाही. मोठे ऑपरेशन केले तर थोडा काळ वाढेल, कदाचित वाढणारही नाही, आणि वाढला तरी बहुतेक हॉस्पिटलातच जाईल.

थोरला म्हणाला, "आईला यातलं काही कळता कामा नये. सूज आहे म्हणायचं, ऑपरेशन करायचं."

धाकटी सून म्हणाली, "भाऊजी, मी आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर मी सांगेन."

"नाही विचारणार ती. आणि विचारलंच तर विषय बदल."

"ते मला जमणार नाही."

हे संभाषण असेच झाले. मी तिथे उभा होतो. जे घडायचे होते ते तिने आधी सांगितले होते, हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

पुढे पत्नी घरी आली. थोरला एका सकाळी गाडीने आला आणि सरळ तिच्या पलंगाशी गेला. तिने विचारले, "काय रे, कालच्यापेक्षा आज बरी दिसते का मी?"

"खूप बरी दिसतेस आई! चेहऱ्यावर तेज आलंय."

"काल तू कुठे होतास?"

त्याने पांघरूण सारखे केले.

"काल तू इथे नव्हतास, राजा," ती म्हणाली, आणि त्याचा हात थोपटला. तो हसला, मग चहा झाला आणि विषय गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी सून तिच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी खिडकीपाशी एका फ्रेमची काडी बसवत होतो. पत्नीने तिला तोच प्रश्न विचारला.

ती म्हणाली, "नाही आई. कालच्यासारख्याच दिसता. मागच्या महिन्यापेक्षा पुष्कळ उतरलात."

"बरं. ते कपडे ठेव आणि इथे बस. मी यातून उठणार आहे का?"

"आई, तुम्ही खरंच विचारताय?"

"विचारतेय."

"नाही," सून म्हणाली.

खाली दुकानाची घंटी वाजली. आम्ही कोणी उठलो नाही. मग पत्नीने ऑपरेशनचे विचारले आणि सुनेने डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, खात्री डॉक्टरांनाही नाही हेसुद्धा. सांगताना तिने पत्नीचा हात धरला होता आणि आवाज एकदाही चढवला किंवा उतरवला नाही. रडली ती नंतर, स्वयंपाकघरात.

पत्नी माझ्याकडे वळली. "अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

ती हसायला लागली. पोट दुखत होते तरी हसली. म्हणाली, "माझाच नियम माझ्याच गळ्यात." मग सुनेला म्हणाली, "चहा टाक. आणि साखर घाल चांगली, आता कशाला जपायचं?"

तिने ऑपरेशनला नकार दिला. थोरल्याला तिनेच सांगितले. तो ओरडला, "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "मी विचारलं." पुढचे काही महिने ती सकाळी दुकानात येऊन बसली, स्वतःच्या खुर्चीत, पाठीला उशी लावून. सुनेला जे शिकवायचे राहिले होते ते शिकवले. भेटायला येणाऱ्यांना सांगितले, "रडायचं असेल तर बाहेर रडून या, आत जागा कमी आहे." बहिणीला बोलावून घेतले. आणि मला एकदा म्हणाली, "तुम्ही माझ्याशी आयुष्यभर फार कमी बोललात."

मी म्हणालो, "हो."

"पण जे बोललात ते पुन्हा तपासावं लागलं नाही."

हे वाक्य मी कोणाला देत नाही. ते माझ्याबरोबर जाईल.

ती गेली त्या दिवशी, लोक जमलेले असताना, थोरला धाकट्या सुनेला म्हणाला, "तू तिला आधीच मारलंस." ती काही बोलली नाही, कारण त्याने काही विचारले नव्हते. त्या दिवसापासून ही दोघे एका खोलीत बसलेली नाहीत.

माझे म्हणणे असे. विचारले तिने, सांगितले सुनेने, ठरवले पुन्हा तिनेच. थोरल्याचा राग चुकीच्या माणसावर आहे. ऑपरेशन केले असते तर ती आज असती का, याचे उत्तर मला माहीत नाही. मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे आणि दर वेळी तेच उत्तर आले आहे. ज्याला उत्तर माहीत आहे असे वाटते त्याने ते जपून वापरावे.

कलम ६. डॉक्टर

आमचे डॉक्टर भले गृहस्थ आहेत. अर्ध्या आळीला त्यांनी जगवले आहे. पण पत्नीने त्यांनाही सरळ विचारले होते, "मला काय झालंय?" आणि ते म्हणाले होते, "काळजी करू नका, आपण सगळे मिळून लढू."

"सगळे म्हणजे कोण?" ती म्हणाली. "पोट माझं एकटीचं आहे."

डॉक्टरांनी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिले. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांना मी काही ठेवत नाही, फक्त एक निरोप ठेवतो. त्यांच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर बदललेला आहे. औषधाची चिठ्ठी ते हात लांब करून लिहितात. त्यांनी मला अजून विचारलेले नाही. हे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा मी नसेन, म्हणून न विचारता सांगतो.

कलम ७. मेहुणी

पत्नीने नियम मोडला तो धाकट्या बहिणीच्या घरी. बहिणीने नवे घर घेतले होते, सगळे कौतुक करत होते. कोणी काही विचारले नसताना ही म्हणाली, "एवढं मोठं घर, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. मला तर गुदमरायला होतंय." ते खरे होते. पुढे बहीण आणि तिचा नवरा वेगळे झाले. पण बहिणीने त्यानंतर कित्येक वर्षे आमचा जिना चढला नाही.

शेवटच्या आजारात आली तेव्हा मी दोघींना खुर्च्या देऊन बाहेर निघालो. पत्नी म्हणाली, "थांबा. तुमच्यासमोरच होऊ दे."

मेहुणी म्हणाली, "ताई, तू बोललीस ते खरं होतं. पण मी विचारलं होतं का तुला?"

"नव्हतंस विचारलं. तेवढं माझं चुकलं."

"तेवढंच?"

"बाकीचं खरं होतं, असं तूच आत्ता म्हणालीस."

मेहुणीने उशी उचलून तिच्याकडे फेकली, आजारी माणसाकडे फेकतात तशी, हळू. मग दोघी जेवल्या.

पत्नीचे दोन वाचायचे चष्मे मेहुणीला द्यावेत. तिचा नंबरही तोच आहे. एकाची काडी दोऱ्याने बांधलेली आहे. ती पत्नीने स्वतः बांधली होती, चष्मेवाल्याच्या घरात, कारण मला सांगून सांगून ती थकली होती. दोरा सोडू नये.

कलम ८. माझे स्वतःचे

माझ्या आजारपणात मी विचारले तर मला खरे सांगावे. विचारले नाही तर सांगू नये. मी तिच्यासारखा नाही. मी कदाचित विचारणार नाही, आणि न विचारणे हाही माझा हक्क समजावा. जो मला सांगणार त्याने आधी बसावे. दारात उभे राहून सांगू नये.

माझ्यामागे भाषणे नकोत. कोणाला माझ्याबद्दल काही बोलायचे असेल तर ते मी असताना, दुकानाच्या वेळेत बोलावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

कलम ९. तपासणीच्या काचांची पेटी (हे कलम वाचनानंतर भरले आहे)

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. मी ठरवले की माझे मी बसलेला असताना वाचावे, कारण नंतर मला कोणी काही विचारू शकणार नाही. दुकान सोमवारी बंद असते. त्या दिवशी दुपारी सगळे पुढच्या खोलीत बसले. थोरला बाकावर, थोरली सून त्याच्या शेजारी, धाकटी सून फळीपाशी स्टुलावर, आणि मास्तर व शिंपी दाराजवळ. तपासणीची खुर्ची मोकळी होती. तिथे कोणी बसले नाही.

वकीलबाईंनी सगळे वाचले. मी विचारले, "पटलं का?"

थोरली सून म्हणाली, "छान आहे बाबा, सगळं व्यवस्थित." थोरला म्हणाला, "हो, ठीक आहे."  शिंपी म्हणाला, "पेचकस मला खरंच देताय का?"

मग मी म्हणालो, "वकीलबाई, दुकानाच्या वाटणीचा शेवटचा भाग मी जरा बदलून घेतलाय. तो आता वाचा." हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. त्या आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "काका, हे मी कोर्टात सांगू शकणार नाही." मी म्हणालो होतो, "कोर्टाने विचारलं तर सांगा."

त्यांनी तोच कागद हातात खालीवर केला आणि तोच मजकूर पुन्हा वाचला.

"हां, आता कसं!" थोरली सून म्हणाली. "आता वाटणी सगळ्यांना सारखी झाली."

मास्तरांनी खाली मान घातली. त्यांना ही रीत ठाऊक आहे.

थोरला मात्र रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. तो म्हणाला, "बाबा, काही बदललेलं नाही. तीच काच पुन्हा लावलीत तुम्ही." मग माझ्याकडे वळला. "आणि मला पहिल्यांदाही पटलं नव्हतं."

"काय पटलं नाही?"

"दुकानाचं नाही. दुकान तिलाच द्या, तीच बघतेय. ते पाचवं कलम. माझा राग चुकीच्या माणसावर आहे असं लिहिलंत तुम्ही. माझा राग हिच्यावर नाहीच आहे. मी हिला जे बोललो ते बोलायला नको होतं. त्या दिवशी तोंडातून गेलं आणि मग परत घ्यायला तोंड उरलं नाही."

"मग राग कोणावर आहे?"

"आईवर." हे तो एवढ्या हळू म्हणाला की शिंप्याने कानामागे हात धरला. "तिने मला काच लावून बघितली. कालच्यापेक्षा बरी दिसते का म्हणाली. मी म्हणालो, तेज आलंय. आणि मग तिने मला पुढचं विचारलंच नाही. सुनेला विचारलं. पोटच्या पोराला नाही."

 मग धाकट्या सुनेने विचारले, "विचारलं असतं तर काय सांगितलं असतं तुम्ही, भाऊजी?"

"खोटं सांगितलं असतं."

"मग?"

"मग काही नाही. तरी विचारायला हवं होतं."

 थोरल्याने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिले. म्हणाला, "मी तुला विचारू?"

"विचारा."

"ऑपरेशन केलं असतं तर?"

"माहीत नाही."

"पुन्हा विचारतो. केलं असतं तर?"

"पुन्हा विचारलंत तरी माहीत नाही, भाऊजी."

त्याने मान हलवली.  नंतर म्हणाला, "चहा वर घेऊ या का? इथे बाक टोचतो." आणि जिन्याकडे गेला. चौथ्या पायरीवर त्याचा पाय अडखळला, कारण ती हलते हे नुकतेच वाचनात ऐकूनही त्याच्या ध्यानात राहिले नव्हते. धाकटी सून मागून म्हणाली, "सांभाळून, ती हलते." तो म्हणाला, "आता सांगतेस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत का?"

तपासणीच्या काचांची लाकडी पेटी थोरल्या मुलाला देतो. तीत एक काच बिननंबरची आहे, साधी, आरपार. पत्नीच्या हातात ती सर्वांत जास्त फिरली. कडेला तिचा अंगठा लागून लागून धूसर झाली आहे. ती पुसू नये.

कलम ५ मधले माझे वाक्य मी खोडलेले नाही. त्याचे म्हणणे इथे, कलम ९ मध्ये, लिहिले आहे. दोन्ही राहू द्यावीत.

हे मृत्युपत्र मला आज वाचून दाखवण्यात आले, दुकानाचा भाग दोनदा. दोन्ही वेळा तेच होते. म्हणून सही करतो.

सही: मृत्युपत्र करणार, चष्मेवाले

आमच्या समोर सही झाली. मृत्युपत्र करणाऱ्याने चष्मा लावून सही केली व चष्मा त्याच्याच हातचा आहे.

साक्षीदार १: मास्तर (निवृत्त). दुसऱ्या वाचनाच्या वेळी मला फरक जाणवला नाही, असे नमूद करतो.

साक्षीदार २: शेजारचे शिंपी. मी वहिनींना कधी काही विचारले नाही, म्हणून आमचे शेवटपर्यंत छान जमले.

ठिकाण: दुकानाची पुढची खोली

वार: सोमवार, दुकान बंद. तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.